एक आरंभशूर चित्रकथा

“आजोबा, पहिले पांच खंड वाचा आणि तेथेंच थांबा, पुढचे पंधरा वाचूं नका,” असा उपदेश माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें मला केला, तेव्हां मला हंसूं आवरेना. हातीं घेतलेलें पुस्तक तडीस न्यावें, अर्धवट टाकूं नये, असें मुलांस सांगण्यांत ज्याचा जन्म गेला त्या शिक्षकाला हा उलटा उपदेश नवाच होता. बरें, मुलगा वाचनाचा कंटाळा करणाऱ्यांपैकीं म्हणावा, तर तसेंही नाहीं. हेच वीस खंड घेण्यासाठीं त्यानें दोन वर्षांचे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे सांठविले होते. आणि पहिल्या खंडांच्या वेळीं तो जेवणाच्या पानावरही पुस्तक घेऊन बसे, म्हणून त्याची आजी त्याला कितीदां तरी रागें भरली होती. तोच आतां शेवटच्या खंडांविषयीं बोलतांना असा कांहीं चेहरा करी, कीं जणूं जिव्हाळ्याच्या माणसानें शब्द देऊन मोडला आहे. पुस्तकांपेक्षां त्या चेहऱ्याचें मला अधिक कुतूहल वाटलें. सबब मीं त्याचा उपदेश मानला नाहीं. वीसही खंड क्रमानें वाचून काढले. मुलाचें म्हणणें बव्हंशीं खरें आहे असें मला आढळून आलें, आणि तें कां खरें आहे याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

जपानी भाषेंत चित्रकथेस ‘मांगा’ म्हणतात. चित्रांचीं पुस्तकें म्हणजे बालकांचा खाऊ, ही आपल्याकडील समजूत तेथें नाहीं. तेथें थोरामोठ्यांसाठीं निराळे मांगा निघतात, मुलांसाठीं निराळे. आणि पाकशास्त्रापासून युद्धकथेपर्यंत कोणताही विषय त्यांस वर्ज्य नाहीं. पुस्तक उर्दू पुस्तकाप्रमाणें उजवीकडून उघडावें लागतें व पानावरील चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचाव्या लागतात. इंग्रजी भाषांतरांतही हा क्रम बहुधा तसाच ठेवलेला असतो. पहिल्या दिवशीं मीं दहा पानें आपल्या संवयीनें वाचलीं, आणि या गोष्टींत उत्तर आधीं व प्रश्न मागून येतो हा काय चमत्कार, असें नातवास विचारलें. त्या प्रश्नानें घरांतील मंडळींची बरीच करमणूक झाली.

ज्या कथेविषयीं लिहावयाचें तिचें इंग्रजी नांव ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’. मूळ जपानी नांवांत ‘याकुसोकु’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ वचन अथवा करार. कथा कायु शिराइ यांची असून चित्रें पोसुका देमिझु यांचीं आहेत. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोनेन जंप’ नामक साप्ताहिकांत ती २०१६ च्या ऑगस्टपासून २०२० च्या जूनपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. एकंदर प्रकरणें १८१, खंड २०. २०१८ सालीं तिला शोगाकुकान मांगा-पारितोषिक मिळालें. म्हणजे ही कोणी उपेक्षित कृति नव्हे. जपानांतील जाणत्यांनीं तिचा आरंभ पाहून तिला डोक्यावर घेतलें होतें.

आणि तो आरंभ खरोखरच तसा आहे. साल २०४५. ‘ग्रेस फील्ड’ नांवाचा एक टुमदार अनाथाश्रम. सभोंवार हिरवें कुरण, पलीकडे झाडी. मुलें पांढरे शुभ्र कपडे घालतात, पोटभर जेवतात, खेळतात, आणि रोज एक परीक्षा देतात. प्रत्येकाच्या मानेवर एक आंकडा गोंदलेला आहे, पण त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. सर्वांची एक आई आहे, इझाबेला. ती एकटी सगळ्या मुलांचें करते, कोणावर कधीं ओरडत नाहीं, आजारी मुलाच्या उशाशीं रात्र काढते. बारा वर्षांचें होण्यापूर्वीं प्रत्येक मूल कोणा ना कोणा कुटुंबांत दत्तक जातें. जाणारानें मागाहून पत्र मात्र कधीं लिहिलेलें नाहीं.

एके रात्रीं कॉनी नांवाची सहा वर्षांची पोर दत्तक जावयास निघते व आपलें लाडकें कापडी सशाचें खेळणें विसरते. एमा आणि नॉर्मन हीं अकरा वर्षांचीं दोन मुलें तें पोंचविण्यास, मज्जाव असलेल्या वेशीपर्यंत जातात. तेथें एका गाडींत कॉनी पडलेली असते. तिच्या छातींत एक फूल रोवलेलें असतें. पलीकडे राक्षस उभे असून ते मालाच्या प्रतीविषयीं बोलत असतात. हा अनाथाश्रम नव्हे, राक्षसांच्या भोजनासाठीं मुलें पोसण्याचा गोठा आहे. आणि ज्या आईच्या कुशींत हीं मुलें वाढलीं ती त्या गोठ्याची राखणदार आहे. त्यांतही सर्वांत मोलाचा पदार्थ म्हणजे मेंदू. म्हणून तर रोजच्या परीक्षा! ज्याचे गुण अधिक त्याचा मेंदू अधिक रुचकर. सबब हुशार मुलांस बारा वर्षांचीं होईपर्यंत राखून ठेवावयाचें. इतकीं वर्षें ज्यानें मुलांच्या परीक्षा घेतल्या आणि पहिल्या आलेल्याची पाठ थोपटली, त्याच्या अंगावर हें वाचून कांटा उभा राहिला असेल, हें निराळें सांगावयास नको.

यापुढील सारी कथा म्हणजे मुलें आणि आई यांच्यांतील बुद्धिबळाचा डाव आहे. मुलांना कळलें आहे हें आईला कळलें आहे काय, आणि तिला कळलें आहे हें मुलांना कळलें आहे हें तिला ठाऊक आहे काय, अशा पदरांवर पदर चढत जातात. तिच्यापाशीं खिशांतील घड्याळासारखें एक यंत्र आहे. त्यांत प्रत्येक मूल कोठें आहे तें दिसतें. तेव्हां मुलांच्या अंगांत कांहींतरी दडविलेलें आहे. तें कोठें, तें निकामी कसें करावयाचें, भिंत किती उंच, पलीकडे काय? वाचकास जेवढें ठाऊक तेवढेंच मुलांस ठाऊक. लेखक ऐन वेळीं कोणतीही किल्ली आपल्या बाहींतून काढीत नाहीं. तिसरा मुलगा रे म्हणतो, तिघांनींच पळूं. सगळ्यांस नेणें अशक्य आहे. एमा म्हणते, नेईन तर सगळ्यांस. हा हट्ट मूर्खपणाचा आहे हें तिलाही दिसतें, आणि तरीही ती तो सोडीत नाहीं.

मला सर्वांत अधिक स्पर्श झाला तो इझाबेलेच्या चित्रणाचा. तीही एके काळीं अशाच एका आश्रमांत वाढलेली मुलगी. भिंतीपर्यंत जाऊन तिनेंही पलीकडची दरी पाहिलेली आहे. मरण किंवा ‘आई’ होणें, एवढे दोनच मार्ग तिच्यापुढें होते, आणि ‘आई’ होण्यासाठीं स्वतःचें एक मूल जन्मास घालावें लागतें असा तेथला नियम. रे हा तो मुलगा. तान्हेपणींच्या आठवणी पुसल्या न गेलेलें असें तें विलक्षण मूल. आईनें गुणगुणलेला एक सूर तो कित्येक वर्षांनीं तिच्यासमोर गुणगुणतो आणि ती जागच्या जागीं थिजते. मला कां जन्म दिलास, असें तो विचारतो. आणि ती उत्तर देते, कीं मला जगावयाचें होतें म्हणून. त्या पानावर शब्द फार थोडे आहेत. तीच इझाबेला पळूं पाहणाऱ्या एमेचा पाय स्वतःच्या हातानें मोडते, आणि मोडल्यावर तिला जवळ घेते. हें दोन्ही तिच्या ठायीं खरें आहे. तें वात्सल्य ढोंग नाहीं, आणि तो गळफांसही ढोंग नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रांत वत्सल व भयानक हे रस परस्परांपासून दूर राहावयाचे. येथें ते एका स्त्रीच्या दोन हातांत दिसतात, आणि रसभंग होत नाहीं.

मग नॉर्मनला नेतात. तो आपल्या पायांनीं चालत वेशीकडे जातो व मागील मुलांसाठीं पळण्याचा बेत लिहून ठेवतो. जानेवारींतील एका रात्रीं आश्रमाला आग लावून, कान कापून त्यांतील खूण काढून टाकून, दोऱ्यांवरून दरी ओलांडून पंधरा मुलें पळतात. चार वर्षांच्या फिलला व त्याहून लहान मुलांना मागें ठेवावें लागतें. परत येऊं असें वचन देऊन. दरीच्या कांठावर इझाबेला पोंचते तों मुलें पलीकडे गेलेलीं असतात. ती केंस मोकळे सोडते आणि त्यांचें कुशल चिंतिते. हें सदतिसावें प्रकरण. येथें पांचवा खंड.

नातवानें ‘थांबा’ म्हटलें तें नेमकें या ठिकाणीं. परंतु एका बाबतींत मी त्याच्याशीं सहमत नाहीं. कथेचा ऱ्हास येथूनच सुरू होतो असें तो म्हणतो. मला तसें दिसलें नाहीं. उलट दुसरें आणि अधिक मोलाचें बीज येथेंच पेरलें जातें. अरण्यांत मुलांस सोंजू व मुजिका हे दोन राक्षस भेटतात आणि त्यांचा जीव वांचवितात. त्यांच्याकडून कळतें, कीं राक्षस ज्या प्राण्यास खातो त्याच्यासारखा तो होतो. माणूस खाल्ला तर त्याला माणसाचें रूप आणि बुद्धि राहते. न खाल्ला तर तो हळूहळू विचारशून्य पशु होऊन जातो. म्हणजे त्यांचें खाणें ही चैन नव्हे. त्यांचीं गांवें आहेत, बाजार आहेत, लेंकरें आहेत. कॉनीच्या छातींतील तें फूल म्हणजे निव्वळ क्रौर्य नव्हे. तो नैवेद्याचा विधि आहे. भक्ष्य देवाला अर्पण करावयाचें, फूल उमललें म्हणजे देवानें तें स्वीकारलें, आणि मग कृतज्ञतेनें खावयाचें! आमच्या घरांत चित्राहुति घातल्यावांचून पुरुषमाणसें पहिला घांस घेत नाहींत. आम्ही निरामिष खाणारे, हें खरें; तथापि तें फूल पाहून माझा हात पानावर क्षणभर थबकला.

महाभारतांतील एकचक्रा नगरीची कथा येथें सहज आठवते. गांवकऱ्यांनीं बकासुराशीं करार केलेला. पाळीपाळीनें गाडाभर अन्न आणि एक माणूस. ज्या ब्राह्मणाची पाळी येते त्याच्या घरांत बाप म्हणतो मी जातों, आई म्हणते मी जातें, लेक म्हणते मी जातें, आणि तान्हा मुलगा गवताची काडी उचलून राक्षसाला मारावयास निघतो. तो प्रसंग वाचतांना अजून डोळे भरून येतात. पण तेथें भीम आहे. बकाला मारिलें कीं प्रश्न मिटला, कारण बकाच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहीं नाहीं. या जपानी कथेंतही माणसें आणि राक्षस यांच्यांत हजार वर्षांपूर्वींचा करार आहे, आणि तो राखणाऱ्या मानववंशाचें नांव आपल्या कानाला चक्क ‘रात्री’ असें ऐकूं येतें. परंतु येथील बकासुराला बायकामुलें आहेत, आणि न खाल्लें तर त्याचें मन मरतें. भीमानें येथें काय करावें? एका मुलांच्या साप्ताहिकानें बारा-चौदा वर्षांच्या वाचकांपुढें हा प्रश्न ठेवावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मधले कांहीं खंड बरे आहेत. श्रीमंत राक्षसांनीं शिकारीसाठीं राखलेलें ‘गोल्डी पाँड’ नांवाचें गुप्त खेडें, तेथील ल्युविस नांवाचा उमराव, ज्याला जिंकण्यापेक्षां तोडीचा शत्रु हवा आहे, आणि सर्व सोबती गमावून तळघरांत एकटा कुढत बसलेला यूगो, हीं पात्रें चांगलीं वठलीं आहेत. यूगो मुलांना प्रथम हांकलून देतो आणि शेवटीं त्यांच्यासाठीं मरतो. त्याच्या मरणाला कथेंत किंमत आहे. तो गेल्यावर मुलें पोरकीं होतात आणि वाचकही.

घसरण लागते ती नॉर्मन परत येतो तेथून. तो मेला नव्हता. एका प्रयोगशाळेंत नेला गेला होता आणि आतां तो राक्षसांविरुद्ध लढणाऱ्या मुलांचा पुढारी झाला आहे. लेखकानें येथें लबाडी केली असें म्हणतां येत नाहीं, कारण नॉर्मनचा मृत्यु त्यानें प्रत्यक्ष दाखविलाच नव्हता. तरी ज्या वियोगावर पांच खंडांचा करुण उभा होता तो पायाच काढून घेतला गेला. एवढ्यावरही मी क्षमा केली असती, कारण परतलेला नॉर्मन आपल्याबरोबर कथेंतील सर्वांत मोठा पेंच घेऊन येतो. त्याचा बेत असा, कीं राजधानींत विष पसरून राक्षस आपापसांत लढवावयाचे आणि ती जातच नष्ट करावयाची. म्हणजे एकही मूल पुन्हां कोणाच्या ताटांत जाणार नाहीं. एमा म्हणते, बाजारांत पाहिलेलीं तीं राक्षसांचीं लेंकरें मला मारवत नाहींत. दोघांचेंही बरोबर आहे. दोघांचें एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे. भरतमुनींनीं नाटकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पांच संधि सांगितले आहेत; त्यांपैकीं विमर्श म्हणतात तो हाच. येथें नायकाची कसोटी लागते आणि त्याहून अधिक कवीची.

कवि त्या कसोटीस उतरला नाहीं. मुजिकेच्या रक्तांत असा गुण आहे, कीं त्याचा थेंब पोटांत गेला म्हणजे राक्षसाला माणूस खाण्याची गरजच उरत नाहीं. आणि तो गुण एकापासून दुसऱ्यास देतां येतो. राजघराण्यानें व सरदारांनीं प्रजेला आपल्या मुठींत ठेवण्यासाठीं ही गोष्ट दडपून ठेवली होती. ही शेवटची कल्पना चांगली आहे. उपासमार ही पुष्कळदां टंचाईमुळें नसून सत्तेमुळें असते, हें इतिहास जाणणारास पटेल. पण कथेवर तिचा परिणाम काय झाला? जो प्रश्न सुटत नव्हता म्हणून थोर होता, तो एका औषधानें सुटला. नॉर्मननें विष पसरलें, मुजिका व सोंजू यांनीं आपलें रक्त पाजून नगरवासी वांचविले. एमेला निवड करावीच लागली नाहीं. नॉर्मन लहान मुलासारखा रडतो, तिघें एकमेकांस मिठी मारतात, आणि ज्याच्या हातून एवढा संहार झाला त्याचा हिशेब कोणी मागत नाहीं. दोघांपैकीं कोण चुकला, हें माझ्या नातवाला हवें होतें. कोणीच चुकलें नाहीं, असें त्याला सांगण्यांत आलें.

पुढें तर घाईच घाई आहे. राणी मरते, उठते, पुन्हां मरते. करार राखणारा पीटर रात्री आपल्याच हातानें मरतो. मुजिका राणी होते. इझाबेला, जी मधल्या शेंकडों पानांत जवळजवळ दिसतच नाहीं, ती अखेरीस येते, मुलांच्या बाजूला वळते, आणि एमेवरचा घाव स्वतःच्या अंगावर घेऊन प्राण सोडते. तिचें मरण वाचून मला वाईट वाटलें. पण त्याहून अधिक वाईट याचें वाटलें, कीं तें मन वळलें कसें हें आम्हांस दाखविलेंच नाहीं. ज्या लेखकानें तिच्या एकेका पापणीच्या हालचालीला पान दिलें होतें, त्यानें तिच्या पश्चात्तापाला वेळ दिला नाहीं. मुलें माणसांच्या जगांत पोंचतात, तों तेथेंही युद्धें संपून देशांच्या सीमा पुसल्या गेलेल्या! या मुलांपुढें एकही दार बंद नाहीं.

एक किंमत मात्र मागितली गेली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. नव्या कराराच्या बदल्यांत राक्षसांचा देव एमेकडून तिचें कुटुंब मागतो; ती सर्वांना विसरते व दूर एकटी जाऊन पडते. ही गोष्ट ती कोणास सांगत नाहीं. पण सुमारें दोन वर्षांनीं मुलें तिला शोधून काढतात, तिला कांहीं आठवत नाहीं तरी तिचे डोळे वाहूं लागतात, आणि सारीं पुन्हां एकत्र राहूं लागतात. म्हणजे देवानें घेतलें तें अर्धें परत मिळालें. शिवाय जिनें सोसावयाचें तिची आठवणच काढून घेतली, तर सोसणार कोण?

असें कां व्हावें? मांगाच्या साप्ताहिकांची रीत पुष्कळांस ठाऊक नसेल. ‘शोनेन जंप’ १९६८ पासून निघतें. १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. अंकाबरोबर एक पत्रिका असते. वाचकानें आपल्याला आवडलेल्या तीन कथांचीं नांवें लिहून ती धाडावयाची. जी कथा या मतांत सतत मागें पडते ती बहुधा लवकर गुंडाळावी लागते. लेखक-चित्रकारांनीं दर आठवड्यास वीसेक पानें द्यावयाचीं. या दडपणाखालीं दर अंकाला एक धक्का देण्याची संवय लागते, आणि धक्का देणें सोपें, फेडणें कठीण. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही ‘करमणुकी’च्या अंकांतून आठवड्या-आठवड्यानेंच आल्या, पण पत्र त्यांचें स्वतःचें होतें, आणि कोणी मतपत्रिका धाडीत नव्हतें. तथापि सारा दोष रीतीवर टाकणें मला पटत नाहीं. त्याच साप्ताहिकांत १९९७ पासून चाललेली एक कथा हजार प्रकरणांच्या पलीकडे गेली आहे. त्या मानानें ही १८१ प्रकरणांची कथा थोडक्यांतच आटोपली. लांबण लावून ती बिघडली नाहीं. बाणभट्टाची कादंबरी अपुरी राहिली आणि मुलानें ती पुरी केली; उत्तरभाग उणा वाटला तर बापाची लेखणी गेली असें म्हणून समाधान करून घेतां येतें. येथें तर बाणही तोच आणि उत्तरभागही त्याचाच.

मला वाटतें, लेखकाला आपल्या मुलांची दया आली. एमा त्याला इतकी प्रिय झाली, कीं तिच्या हातून कांहीं कठोर घडूं देणें त्याला सोसवेना. हा अपराध माणुसकीचा आहे. घरांतील वडील माणसेंही असेंच करतात. अवघड गोष्ट मुलांपर्यंत पोंचूं न देतां परस्पर निस्तरून टाकतात आणि वर म्हणतात, बघ, कांहीं झालें नाहीं. मुलाला मात्र कळतें कीं कांहीं तरी झालें होतें.

हलत्या चित्रांच्या रूपांतराची कथा तर याहून करुण. २०१९ चा पहिला भाग १२ प्रकरणांत आश्रमापासून दरीपर्यंतची गोष्ट सांगतो, आणि ती उत्तम सांगतो. २०२१ मध्यें दुसरा भाग आला, ११ प्रकरणांचा. त्यांत गोल्डी पाँड नाहीं, यूगो नाहीं. उरलेल्या पंधरा खंडांचा गाळीव अर्क काढून, शेवटीं स्थिर चित्रांची एक मालिका भराभर दाखवून पडदा पाडला आहे. नातू म्हणाला, हें पाहिल्यावर पुस्तकांवरचा माझा राग थोडा कमी झाला.

“मग तुम्हीं कसा शेवट केला असता?” त्यानें मला एके दिवशीं विचारलें. प्रश्न बिनतोड होता. मीं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत त्याला म्हटलें, कीं मीं मुजिकेचें रक्त कथेंतून काढून टाकलें असतें. एमेनें नॉर्मनचें विष ओतून टाकलें असतें, मुलांस घेऊन ती माणसांच्या जगांत गेली असती, आणि मागचें दार बंद झालें असतें. पण तें दार बंद करतांना तिला पुरतें ठाऊक असतें, कीं पलीकडे तीं बाजारांत पाहिलेलीं लेंकरें वर्षा-दोन वर्षांत आईबापांस ओळखेनाशीं होणार. दार तिनें आपल्या हातानें लावलें असतें. आणि तिची आठवण कोणी घेतली नसती.

तो बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, “नको, आजोबा. हें फारच वाईट आहे. तुम्ही एमेला ओळखतच नाहीं. ती दार लावणार नाहीं.” त्याच्या मतें चूक एकच, नॉर्मन परत यावयास नको होता; तो खरोखर मेला असता तर एमेलाच त्याच्या वांट्याचा राग बाळगावा लागला असता आणि मग दोन्ही बाजू तिच्या एकटीच्या पोटांत भांडल्या असत्या. ही सूचना माझ्या सूचनेहून सरस आहे, असें मीं प्रांजळपणें कबूल केलें. तरी रक्ताचें काय, हा माझा आक्षेप कायम आहे. वाद मिटलेला नाहीं. दिवाळीला त्याची मोठी बहीण वसतिगृहांतून येईल. तिनेंही वीस खंड वाचले आहेत, आणि तिला म्हणे शेवट फार आवडला. शेवटच्या प्रकरणांत ती रडली. ती आल्यावर आम्हां दोघांचें कसें होतें तें पाहावयाचें.